खो-खोची कॅप्टन असणं नोकरीत नेमकं कुठे कामाला येतं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारी मुलगी नागपुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दोन वर्षांपासून कॉलेजच्या खो-खो संघाची कॅप्टन आहे. घरी रोज ऐकावं लागतं, "आता खेळ पुरे, प्लेसमेंटकडे लक्ष दे." क्रीडा विभागातले सर म्हणतात, "खेळाने नेतृत्व येतं, पुढे फार उपयोग होतो." तिचे प्रश्न तीन आहेत. हे खरं आहे का? खरं असेल तर उपयोग नेमका कसा होतो? आणि शेवटच्या वर्षी खेळायचं की सोडायचं?

मी कॉलेजच्या संघांबरोबर काम करतो आणि हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत नव्याने सुपरवायझर झालेल्या मुलामुलींबरोबरही. दोन्ही बाजू रोज दिसतात, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

घरचे आणि सर दोघेही अर्धं बरोबर बोलतायत. खेळलात म्हणून नेतृत्व आपोआप येत नाही. चार वर्षं मैदानावर घालवून ऑफिसात साधी दहा मिनिटांची मीटिंग घेता न येणारे पुष्कळ असतात. पण मैदानावर ज्यांच्या हातात खरे निर्णय होते आणि त्या निर्णयांकडे ज्यांनी मागे वळून पाहिलं, त्यांचं पाणी पहिल्या सहा महिन्यांतच वेगळं दिसतं. तेव्हा "खेळ की करिअर" यापेक्षा तुमचा खरा प्रश्न असा आहे: या दोन वर्षांत मी काय ठरवलं, आणि त्यातलं काय उचलून पुढे नेता येईल?

या विषयावर एक आकडा नेहमी पुढे केला जातो. ईवाय ही सल्लागार कंपनी आणि ईएसपीएनडब्ल्यू हा ईएसपीएनचा महिला-क्रीडा विभाग यांच्या २०१४ च्या सर्वेक्षणात कंपन्यांच्या सर्वोच्च पदांवर असलेल्या महिलांपैकी ५२ टक्के जणी विद्यापीठ पातळीवर खेळलेल्या निघाल्या. ऐकायला छान वाटतं, पण यावरून खेळामुळे त्या वर पोहोचल्या असं सिद्ध होत नाही. ज्या घरात मुलीला मैदानावर पाठवतात, तिथे तिला शिकवायला आणि बाहेरगावी नोकरीला पाठवायलाही तयार असतात. शिवाय जिद्दी मुली खेळाकडेही वळतात आणि बढतीकडेही. खेळूनही वर न पोहोचलेल्या किती, हे असल्या आकड्यांत येत नाही. त्यामुळे कोणी हा आकडा दाखवून घरच्यांना पटवायला सांगितलं तर तो सोडून द्या. पटवायला तुमच्याकडे याहून भक्कम गोष्टी आहेत.

त्या कशा पुढे जातात हे कळायला शिक्षणशास्त्रातली एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्ये दाखवलं की एका कामात मिळवलेलं कौशल्य दुसऱ्या कामात तेवढंच उतरतं, जेवढे त्या दोन कामांतले घटक सारखे असतात. "खेळाने मन घडतं, मग ते कुठेही चालतं" ही कल्पना त्यामुळे टिकत नाही. म्हणून मी "नेतृत्वगुण" असा मोठा शब्द वापरतच नाही. मी विचारतो, मैदानावरची कोणती कृती कामाच्या ठिकाणच्या कोणत्या कृतीसारखी आहे?

आता जवळून बघू. तुमचाच खेळ घेऊ, कारण यासाठी खो-खोइतका चांगला नमुना क्वचितच सापडेल.

आक्रमणात आठ जणी दोन खांबांमधल्या पट्ट्यावर, म्हणजे मध्यपाटीवर, बसलेल्या असतात, शेजारच्या दोघींची तोंडं विरुद्ध दिशांना. नववी धावते. तिला मध्यपाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही. म्हणजे स्वतः कितीही वेगवान असली तरी एकटीने गडी बाद करणं जवळपास अशक्य. तिच्या हातात एकच मोठा निर्णय असतो: खो कधी आणि कोणाला द्यायचा. तो मागून द्यायचा, हाताचा स्पर्श आणि "खो" हा शब्द एकाच वेळी, शब्द मोठ्याने. बसलेलीने खो मिळायच्या आधी उठायचं नाही. यात कुठेही चूक झाली की फाउल, आणि पंच आक्रमकाला पळणाऱ्या गड्याच्या उलट दिशेला पाठवतो. मेहनत वाया जाते आणि वर अंतर वाढतं.

आता कारखान्यातली पाळीबदलाची वेळ डोळ्यांसमोर आणा. दुपारी तीनला पहिली पाळी सुटते, दुसरी लागते. बिघाड, अपघात, खराब माल यांचं मूळ शोधत गेलं की पुष्कळदा ते याच दहा मिनिटांत सापडतं. जाणारा "सगळं ठीक आहे" म्हणतो आणि बसच्या घाईत निघतो. हा न दिलेला खो. किंवा येणारा पूर्ण ऐकून न घेता मशीनची सेटिंग बदलतो. हे खो मिळायच्या आधीच उठणं. किंवा जाणारा वहीत लिहितो पण तोंडाने सांगत नाही, म्हणजे स्पर्श आहे, शब्द नाही. नीट हस्तांतर करायचं तर मशीनपाशी उभं राहून चार गोष्टी सांगायच्या: काय चालू आहे, काय बंद आहे, काय बिघडायच्या बेतात आहे, आणि आज कोण आलेलं नाही. त्याच चार गोष्टी वहीत लिहायच्या. समोरच्याने त्या आपल्या शब्दांत परत सांगितल्या की मगच काम त्याचं झालं. खो-खो खेळलेल्या मुलीला हे शिकवायला मला पाच मिनिटं पुरतात, कारण अर्धवट खो दिल्याची किंमत तिच्या पायांना माहीत असते. पण ही जोडणी कोणीतरी एकदा करून द्यावी लागते. ती करून न दिलेली मुलगीसुद्धा "सगळं ठीक आहे" म्हणूनच घरी जाते.

संरक्षणाचंही तसंच. पळणाऱ्यांच्या तीन-तीनच्या तुकड्यांचा क्रम आधी ठरवून गुणलेखकाकडे द्यावा लागतो. सर्वांत तगड्या तिघी पहिल्या पाठवायच्या की दुसऱ्या? पहिल्या तुकडीने वेळ खाल्ली तर समोरच्यांचा दम आणि धीर दोन्ही जातात. पण ती लवकर बाद झाली तर मागच्यांवर उरलेल्या मिनिटांचं ओझं पडतं. कोणाची हुलकावणी चांगली, कोण खांबाजवळ घाबरते, कोणाचा घोटा कालपासून दुखतोय, हे सगळं एका कागदावरच्या क्रमात उतरतं. माहिती अपुरी, वेळ थोडा, कागद एकदा दिला की तोच खरा. मनुष्यबळ कमी असलेल्या दिवशी कोणाला कोणत्या मशीनवर लावायचं, हे ठरवणाऱ्या सुपरवायझरपुढचा कागद याहून फार वेगळा नसतो.

पण इथेच तुम्हाला स्वतःला एक प्रश्न विचारावा लागेल, आणि तो प्रामाणिकपणे विचारा. तुमच्या संघात हा क्रम कोण लिहायचं? तुम्ही, की सर? संघ कोण निवडायचं? सरावाची वेळ कोण ठरवायचं? नाणेफेक जिंकल्यावर आक्रमण घ्यायचं की संरक्षण, हे मैदानात तुम्ही ठरवलं की बाहेर बघून इशारा घेतला? अनेक कॉलेजांत कॅप्टन म्हणजे नाणेफेकीला जाणारी आणि बक्षीस घ्यायला पुढे होणारी एवढंच असतं. बाकी सगळं मार्गदर्शक ठरवतात. तशा संघात चार वर्षं खेळलेली मुलगी शिस्त शिकते, सहनशक्ती मिळवते, पण निर्णय घ्यायला शिकत नाही. सांगितलेलं चोख करायला शिकते. तुमचं उत्तर "बहुतेक सर" असं असेल तर निराश होऊ नका, वर्ष हातात आहे. सरांकडे जाऊन नेमकं मागा: "सराव सामन्यांचा क्रम मी लिहीन, तुम्ही नंतर चुका दाखवा." सराव सामन्यासाठी हे नाकारणारे मार्गदर्शक थोडेच.

कॅप्टनपदाला लोक फार महत्त्व देतात, म्हणून आणखी एक सांगतो. बेल्जियममध्ये कॅट्रिन फ्रान्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ सांघिक खेळांतल्या चार हजारांहून जास्त खेळाडू-मार्गदर्शकांना विचारलं होतं, २०१४ चा अभ्यास आहे. त्यांनी संघातल्या नेतृत्वाचे चार भाग केले: मैदानावर डावपेच सांगणारा, हुरूप देणारा, संघातली नाती सांभाळणारा, आणि बाहेरच्यांशी म्हणजे आयोजक, संस्था यांच्याशी बोलणारा. ४४ टक्के लोकांच्या मते यांपैकी एकाही बाबतीत त्यांचा कॅप्टन पहिला नव्हता. नेतृत्व संघात वाटलेलं असतं. त्यामुळे पाटीच्या शेवटच्या चौकोनात बसणारी, किंवा राखीवच राहणारी मुलगी यातलं एखादं काम उत्तम करत असेल तर तिच्याकडेही सांगण्यासारखं खूप आहे. तुमच्यासाठी प्रश्न असा की या चारांत तुमचं कोणतं आणि कोणतं दुसरीकडे होतं? जे दुसरीकडे होतं ते तुम्ही तिच्याकडून हिसकावलं नाही, उलट तिला करू दिलं, हेही नेतृत्वच, आणि नोकरीत याची गरज जास्त पडते.

संघ निवडताना बारा जणी घ्यायच्या आणि आलेल्या बावीस. वगळलेल्यांना सांगणं हे माझ्या मते कॉलेजच्या खेळातलं सर्वांत मोलाचं काम, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. सहसा काय होतं? यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडते, वगळलेली मुलगी बस स्टॉपवर उभी राहून ती वाचते, आणि दुसऱ्या दिवसापासून येणं बंद करते. तिच्याबरोबर तिच्या दोन मैत्रिणीही. मग डिसेंबरात कोणाला दुखापत झाली की बदली मुलगीच नसते. याची पद्धत साधी आहे. यादी लागायच्या आधी, समोरासमोर, एकेकीला बाजूला घेऊन, दोन मिनिटं. पहिल्याच वाक्यात निर्णय: "या वेळी तू बारात नाहीस." मग एकच खरं कारण, बघितलेलं: "खांब ओलांडताना तुझा वेग तुटतो, गेल्या चार सरावांत तीनदा तिथेच बाद झालीस." मग एक करण्यासारखी गोष्ट. पुढच्या वेळी नक्की घेते असं वचन द्यायचं नाही, कारण ते तुमच्या हातात नसतं. "सरांनी ठरवलं" असंही म्हणायचं नाही, जरी सरांनीच ठरवलं असलं तरी. ती रडली तर थांबायचं, समजूत घालायची घाई करायची नाही. हे वयाच्या विसाव्या वर्षी तीन-चार वेळा केलेली मुलगी पुढे कोणाची बढती नाकारताना, कोणाला वाईट शेरा देताना पळ काढत नाही. पन्नाशीतले अधिकारी याला घाबरतात, हे मी रोज बघतो.

आता उलट बाजू. खेळाडू नोकरीत पडतात कुठे, हे कोणी सांगत नाही, आणि तयारी त्याचीच लागते.

पहिलं म्हणजे आवाज. मैदानावर ओरडणं ही माहिती असते. "काय करून राहिली बे, डावीकडे बघ!" यात अपमान नाही, दोन मिनिटांनी दोघीही विसरतात. तेच शॉप फ्लोअरवर, चार माणसांदेखत, पंचवीस वर्षं मशीन चालवणाऱ्या काकांना म्हटलं की तुमचं तिथलं खातं बंद. ते पुढे सांगितलेलं तेवढं करतील, पण बेअरिंगचा आवाज बदललाय हे स्वतःहून येऊन सांगणार नाहीत. आणि तीच माहिती तुम्हाला सगळ्यात जास्त हवी असते. वयाने मोठ्या माणसाची चूक एकट्याला गाठून सांगायची, तीही विचारून: "काका, हे असं केलं तर काय होते, मला जरा दाखवता का?" बऱ्याचदा चूक ते स्वतःच दाखवतात.

वरिष्ठांना घेऊन चालण्याचं उदाहरण नागपूरला बाहेर शोधावं लागत नाही. २०१७-१८ च्या मोसमात विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, अंतिम सामन्यात इंदूरला दिल्लीला ९ गडी राखून हरवलं. कर्णधार होता फैज फजल, आणि त्याच संघात वसीम जाफर खेळत होता: भारताचा माजी कसोटी सलामीवीर, रणजीत ढीगभर धावा केलेला, मुंबईचं नेतृत्व केलेला. आपल्यापेक्षा अनुभवी माणूस हाताखाली असताना निर्णय आपला ठेवायचा आणि त्याचा अनुभवही वाया जाऊ द्यायचा नाही, ही कसरत फजलला करावी लागली. नव्या सुपरवायझरला पहिल्या दिवसापासून तीच करावी लागते.

दुसरी गोष्ट धोक्याची आहे. दुखत असताना खेळणं, कळ दाबून धरणं, कोणाला न सांगणं, याचं मैदानावर कौतुक होतं. घोट्याला पट्टी बांधून उतरलेली मुलगी सगळ्यांना आवडते. ही सवय कारखान्यात आणली की माणूस जखमी होतो. मशीनचं गार्ड सैल आहे, सेन्सर मधूनच चुकतोय, माणूस दोन पाळ्या सलग करून थकलाय, अशा वेळी "चालवून घेऊ" म्हणणारा सुपरवायझर शूर ठरत नाही. अडचण लवकर आणि मोठ्याने सांगणं ही तिथली शिस्त आहे. मी प्रशिक्षणात खेळाडूंकडून ही सवय मुद्दाम मोडून घेतो. तुम्ही अजून संघात आहात, तर ती तिथेच मोडा. सरावाआधी प्रत्येकीने एक वाक्य सांगायचं, कुठे दुखतंय का, आणि सांगणाऱ्याला संघाबाहेर ठेवण्याची भीती वाटणार नाही असं वागायचं. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये तर हे अत्यावश्यक आहे. पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा सराव पहाटे साडेपाच ते साडेसातच. त्यातही सरावाआधी आणि नंतर वजन करायला लावा. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के घट, म्हणजे ५० किलोच्या मुलीत एक किलो, एवढ्यातही कामगिरी घसरते. घटलेल्या प्रत्येक किलोमागे पुढच्या काही तासांत साधारण दीड लिटर पाणी, सोबत मीठ, जायला हवं. ज्या कॅप्टनच्या वहीत मुलींची वजनं आहेत, तिला शॉप फ्लोअरवरच्या सुरक्षेचं महत्त्व वेगळं समजवावं लागत नाही.

तिसरं, स्वतः करून टाकणं. उत्तम खेळाडूलाच कॅप्टन करतात, उत्तम ऑपरेटरलाच सुपरवायझर. दोघांचीही पहिली ओढ एकच: अडलं की बाजूला हो, मी करतो. खो-खोने निदान इतकं शिकवलेलं असतं की एकटीने धावून गडी मिळत नाही. पण ऑफिसात तो नियम कोणी शिट्टी वाजवून लावत नाही, म्हणून विसरायला होतो.

शिट्टी नसणं, गुणफलक नसणं, हेही पहिल्या वर्षी फार जाचतं. मैदानावर ठरावीक मिनिटांत निकाल लागतो. नोकरीत सहा महिने काम करून चांगलं चाललंय की वाईट हेच कळत नाही, आणि खेळाडू लोक या अंधाराने अस्वस्थ होऊन नोकरी बदलतात. यावर उपाय म्हणजे आपल्या कामाचे तीन आकडे स्वतः निवडून दर शनिवारी लिहायचे, उदाहरणार्थ किती तास मशीन बंद राहिलं, किती माल परत आला, किती जणांनी स्वतःहून अडचण सांगितली. आणखी एक खोड म्हणजे दुसऱ्या विभागाला प्रतिस्पर्धी समजणं. क्वालिटीवाले, मेंटेनन्सवाले हे समोरचा संघ नव्हेत. हे सांगायला सोपं असलं तरी ज्यांचं रक्त चुरशीवर तापतं त्यांना ते रोज आठवावं लागतं.

आता तुम्ही आजपासून काय करायचं.

एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक सामन्याच्या, महत्त्वाच्या सरावाच्या संध्याकाळी दहा मिनिटं, अर्धं पान. काय ठरवलं. त्या वेळी काय माहीत होतं. काय झालं. पुन्हा वेळ आली तर काय बदलेन. दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण निकाल कळल्यावर आपण स्वतःशी खोटं बोलतो, "मला वाटतच होतं" असं म्हणतो. त्याच संध्याकाळी लिहिलं तरच ते खरं राहतं. जिंकलेल्या सामन्यांबद्दलही लिहा. चुकीचा क्रम लावूनही समोरचा संघ कच्चा म्हणून जिंकलात, असं पुष्कळदा होतं. एका मोसमात अशी बारा-पंधरा पानं झाली की तुमच्या हातात जे आहे ते प्रमाणपत्रात कधीच नसतं.

प्रमाणपत्रावरून आठवलं. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण हा स्वतंत्र मार्ग आहे. त्याला ठरलेल्या पातळीवरची कामगिरी आणि क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी लागते, आंतरमहाविद्यालयीन सहभागावर ते मिळत नाही. त्याची आणि या उत्तराची गल्लत करू नका.

मुलाखतीत बहुतेक खेळाडू "सर, खेळातून मी टीमवर्क, लीडरशिप आणि टाइम मॅनेजमेंट शिकले" असं म्हणतात. समोरच्याने त्या दिवशी हे वाक्य दहा वेळा ऐकलेलं असतं. त्याऐवजी दीड मिनिटात एक प्रसंग. समोरच्याला खो-खो माहीत नाही असं धरून एका वाक्यात खेळ, मग अडचण, तुमचा निर्णय, कारण, निकाल, आणि आता काय वेगळं कराल. नमुना देतो, आकडे आणि घटना तुमच्या खऱ्या घाला: "आमच्या खेळात पळणाऱ्या मुलींचा क्रम आधीच लिहून द्यावा लागतो. उपांत्य सामन्याच्या सकाळी आमच्या सर्वांत चांगल्या खेळाडूचा घोटा सुजला होता. तिला पहिल्या तुकडीतून काढून तिसऱ्या तुकडीत ठेवलं, कारण तिथपर्यंत वेळ कमी उरेल असा माझा अंदाज होता. पहिली तुकडी दोन मिनिटांतच बाद झाली आणि तिला जास्त पळावं लागलं. आम्ही हरलो. आज असते तर तिला बसवलं असतं, कारण जखमी खेळाडू वाचवायचा आणि वापरायचाही, असे दोन्ही हिशेब मी एकाच वेळी केले." यात पराभव आहे, चूक आहे, आणि तरीही ऐकणाऱ्याला कळतं की या मुलीने काही ठरवलं होतं. जिंकलेल्याच गोष्टी सांगणाऱ्यापेक्षा तिला जबाबदारी द्यायला तो लवकर तयार होईल. मात्र रचलेली गोष्ट सांगू नका. तिसऱ्या उपप्रश्नात ती उघडी पडते. वही त्यासाठीच आहे.

बायोडेटात एक ओळ पुरे: "कॅप्टन, कॉलेज खो-खो संघ, दोन मोसम, २२ पैकी १२ जणींची निवड आणि सराव सामन्यांचे डावपेच माझ्याकडे." पदकांची लांबलचक यादी नको.

राहिला तिसरा प्रश्न, शेवटच्या वर्षी खेळायचं की नाही. हे परिस्थितीवर आहे, आणि ती फक्त तुम्हाला माहीत आहे. हिशेब मांडा. आठवड्यात सहा दिवस दीड तास म्हणजे नऊ तास, जाण्यायेण्यासकट बारा धरा. वर स्पर्धांचे आठ-दहा दिवस. आपल्या विद्यापीठाच्या स्पर्धा नागपूरबरोबर वर्धा, भंडारा, गोंदियाच्या कॉलेजांतही होतात, म्हणजे प्रवास आला. अमेरिकेत एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेच्या नियमानुसार मोसमात आठवड्याला २० तासांवर सक्तीचा सराव घेता येत नाही. आपल्याकडे असं बंधन नाही, पण उलटं होतं: वर्षभर काही नाही आणि स्पर्धेआधीच्या महिन्यात सगळं, नेमकं हिवाळी परीक्षेच्या आणि कॅम्पसच्या तोंडावर. म्हणून तारखा आधी कॅलेंडरवर टाका, मग बोला.

मागचे विषय राहिले असतील, तर कॅप्टनपद सोडा आणि आठवड्यातून तीन दिवस जा. विषय काढणं आधी, यावर माझं मत ठाम आहे, कारण अनेक कंपन्यांची पहिली चाळणी मार्कांची असते आणि तिथे वही कोणी उघडून बघत नाही. गुडघ्याची जुनी दुखापत असेल तर मैदानाबाहेरून संघ सांभाळा. यापैकी काही नसेल, तर खेळा. घरच्यांना "खेळाने नेतृत्व येतं" असं सांगू नका, त्यावर वाद होतो. बारा तासांचा हिशेब आणि अभ्यासाचं वेळापत्रक एका कागदावर दाखवा, आणि कॅम्पसच्या दोन महिन्यांत सराव अर्ध्यावर आणेन हे आधीच कबूल करा. कबूल केलेलं पाळा.

पण खेळलात तरी कॅप्टन म्हणून तेच वर्ष तिसऱ्यांदा जगू नका. त्यातून नवं काही मिळणार नाही. शेवटचं वर्ष पुढची कॅप्टन उभी करण्यासाठी वापरा. विदर्भाच्या २०१७-१८ च्या त्या अंतिम सामन्यात १३३ धावा करणारा तरुण यष्टिरक्षक अक्षय वाडकर २०२४-२५ ला विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला तेव्हा कर्णधार होता. अशी माणसं संघात आधीपासून वाढत असतात, त्यांना जागा मिळावी लागते.

दुसऱ्या वर्षातली एक मुलगी निवडा, सर्वांत चांगली पळणारीच हवी असं नाही, जिचं बाकीच्या ऐकतात ती. येत्या सराव सामन्यात पळणाऱ्यांचा क्रम तिला लिहू द्या. तुम्हाला तो चुकीचा वाटला तरी सामना संपेपर्यंत एक शब्द बोलू नका. संपल्यावर तिला दोनच प्रश्न विचारा, कोणाला कुठे ठेवलं आणि तेव्हा काय माहीत होतं, आणि ती बोलत असताना वही तिच्या हातात द्या.